एकसारख्या केलेल्या खुणा

अमेरिकेत हर्नडनला आमच्या शेजारी एक काका राहायचे. ताई लोकांपैकी. ताई म्हणजे आपली ताई नव्हे, व्हिएतनामच्या डोंगरातली एक जमात. मी फॉन्ट-कीबोर्डचं काम करते हे कळल्यावर ते एक जुनी फाइल घेऊन आले. अंत्यविधीला म्हणायचं त्यांच्याकडचं गाणं, त्यांनी आणि काकूंनी मिळून टाइप केलेलं. काकू आता नव्हत्या. आपण गेल्यावर इथे वाढलेल्या नातीनं ते वाचावं, एवढीच काकांची इच्छा होती.

त्यांच्या भाषेत आवाज चढला की शब्दाचा अर्थ वेगळा, उतरला की वेगळा. त्यासाठी खुणा लावतात. तो जुना फॉन्ट आता कुठेच चालेना, म्हणून सगळं आजच्या कॉम्प्युटरला वाचता येईल अशा नव्या कोडमध्ये आणायचं होतं. आणि तिथेच माझं डोकं फिरलं! एकाच आवाजाची खूण कुठे अक्षराच्या डोक्यावर, कुठे शब्दाच्या शेवटी. कोडमध्ये दोन्हींना वेगवेगळा नंबर. म्हणजे दोन्ही बरोबर? मग घेऊ कुठली? काका गाऊन दाखवायचे, मला मेलं सगळं सारखंच ऐकू यायचं. "ही आणि ती एकच ना?" विचारलं की नुसती मान हलवायचे. हो की नाही, देव जाणे.

शेवटी वैतागून मी आमच्या धंद्यातलं नेहमीचं केलं. सगळ्या खुणा एका फटक्यात डोक्यावर आणल्या आणि त्याच फाइलवर सेव्ह केलं. नातीला वाचायला सोपं जाईल, म्हणून स्वतःवर खूशही झाले.

काकांनी प्रिंट घेतली. पानं उलटली, पुन्हा उलटली.

"तिच्या ओळी कुठेत?"

"सगळ्या आहेत काका, एकही गाळली नाही."

"तुझी काकू खूण शेवटी लावायची. मी डोक्यावर. जन्मभर भांडलो त्यावरून."

मी धावत जाऊन लॅपटॉप उघडला. जुनी कॉपी? ना माझ्याकडे, ना काकांकडे. अख्ख्या ऑफिसला बॅकअपवरून झापणारी मी, मोठी शहाणी! रडूच आलं.

काका ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातून पेन काढलं, पहिली ओळ गुणगुणली. "ही तिची," म्हणाले आणि बाजूला रेघ ओढली. दुसरीही गुणगुणली, दोनदा. पेन कागदावर तसंच टेकलेलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू तर सगळं पाहिलं होतंस. ही कोणाची होती गं?"