थिजलेला काटा

आत्याला ‘थंडी’ हा शब्द खपत नसे. बर्फाच्या कारखान्यात बावीस वर्षं काढलेल्या बाईनं थंडीवर चिडावं, याचं नव्या माणसाला हसू यायचं, आणि त्या हसण्यावर ती आणखी चिडायची. “थंडी नावाची वस्तू जगात नाही,” ती म्हणायची. “असते ती उष्णता. एकाच्या अंगातून काढायची, दुसऱ्याच्या अंगावर टाकायची, एवढाच आपला धंदा. टाकायला जागा उरली नाही की ती आपल्यालाच खाते.”

कामगार पाठीमागे तिला ‘चटका’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं. आजोबा त्याच कारखान्यात ऑपरेटर होते. त्यांची नजर अधू झाली, तेव्हा दाब मोजणाऱ्या गेजचा काटा वाचून दाखवायला म्हणून ती तिथं जाऊ लागली, आणि तिथलीच झाली. माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. त्यांना तिनंच कामाला लावलं, तिनंच शिकवलं. तिची पाळी दिवसाची, त्यांची रात्रीची.

काय शिकवलं ते मला पाठ आहे, कारण आमच्या घरी जेवायला बसली की ती तेच ओरडायची. अमोनिया वायू दाबला की तापतो. त्याची उष्णता कंडेन्सरच्या नळ्यांमधलं पाणी घेऊन जातं, तेव्हा त्याचा द्रव होतो. मग त्याच्यावरचा दाब सोडला की तो उकळतो, शून्याच्या कितीतरी खाली उकळतो, आणि उकळायला लागणारी उष्णता साच्यांभोवतीच्या मिठाच्या पाण्यातून ओरबाडून घेतो. म्हणून साच्यात बर्फ धरतो. “कंडेन्सरमध्ये दाब आणि तापमान म्हणजे नवरा-बायको,” ती म्हणायची. “पस्तीस अंशाला दाब साडेबारा. पंचेचाळीसला सतराच्या घरात. एकानं थाप मारली की दुसरं चुगली करतं. कळलं का रे धाकट्या?”

“कळलं, ताई. भात वाढू का?”

त्या उन्हाळ्यात कंडेन्सरच्या नळ्या क्षारानं भरल्या होत्या. उष्णता पाण्यापर्यंत पोचत नव्हती, म्हणून दाब चढायचा, आणि तो सोळावर गेला की सुरक्षेची कळ मशीन बंद पाडायची. आत्यानं साफसफाईसाठी दोन दिवस मागितले. सात वेळा, लेखी. मॅनेजर म्हणाले, “बाई, ऐन उन्हाळ्यात बर्फाचा कारखाना बंद ठेवू? लोक मला वेड्यांच्या इस्पितळात टाकतील.” सगळे हसले. आणि बाबांना मात्र रोज सकाळी मॅनेजरांकडून ऐकावं लागायचं, “काय हो, तुमच्याच पाळीत मशीन कसं झोपतं? तुम्हीही झोपता की काय सोबतीला?”

एका सकाळी आत्या कामावर आली. बाबा दारात डबा घेऊन उभे होते, निघायच्या बेतात. तिनं वही उघडली. तासातासाची नोंद होती: साडेबारा, साडेबारा, साडेबारा. आठ वेळा. तिनं गेजकडे पाहिलं. तिथंही साडेबारा. पण काटा थिजलेला होता. मशीनच्या प्रत्येक ठोक्याला जिवंत काटा थरथरतो. हा मेलेल्या माणसाच्या बोटासारखा स्थिर होता.

तिनं कंडेन्सरमधून निघणाऱ्या पाइपवर हात ठेवला आणि झटक्यानं मागं घेतला.

“धाकट्या, इकडे ये.”

“ताई, मला उशीर...”

“इकडे ये म्हणते ना! हात ठेव. ठेव! हे पस्तीस अंश आहेत?”

बाबांनी हात ठेवला नाही. गेज आणि सुरक्षेची कळ, दोन्ही एकाच बारीक नळीवर होती. त्या नळीचा कॉक, म्हणजे तोटी, त्यांनी पाळीच्या सुरुवातीला, काटा साडेबारावर असतानाच, बंद केला होता. काट्याला काही दिसेना, कळीला काही कळेना, आणि मशीन रात्रभर बिनबोभाट धावलं. शेजारच्या खोलीत अकरा माणसं साच्यांतून लाद्या काढत होती. भिंतीपलीकडे वस्ती होती.

आत्यानं कॉक उघडला. काटा एकदम उसळून एकोणिसावर गेला. कळ वाजली. मशीन थांबलं, आणि इतकी शांतता झाली की थेंब पडताना ऐकू येऊ लागले.

मॅनेजर धावत आले. “कुणी बंद केलं?”

“त्यानंच स्वतःला केलं. त्याला अक्कल आहे.”

“चालू करा. तीनशे लाद्या अर्ध्या धरल्यात!”

“नाही करत. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला असता तर ही अकरा माणसं अमोनियानं गुदमरली असती. आणि तो अडकला असता तर भिंतही राहिली नसती.”

त्यांनी बंद कॉकची गोष्ट ऐकली आणि त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांना आरोपी सापडला होता. “रात्री कोण होतं ते सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही वहीत नाव लिहा, बाई. माणूस काढून टाकतो. विषय संपला, मशीन चालू.”

आत्या भडकली. तिनं वही ओढली. आधी सात अर्जांच्या तारखा लिहिल्या, कागद फाटेल इतक्या जोरानं. खाली लिहिलं, क्षार न काढल्यामुळे दाब एकोणीस. त्याखाली बाबांचं नाव लिहिलं, कॉक बंद केल्याचं लिहिलं आणि सही ठोकली.

“ताई,” बाबा म्हणाले, “माझं नाव गाळलं असतंस तर?”

“मग तुझ्यात आणि माझ्यात फरक काय? तूही साडेबारा लिहिलंस, मीही लिहायचं?”

अकरा माणसं वहीभोवती जमली. वाचता येणाऱ्यांनी इतरांना वाचून दाखवलं. त्यानंतर लाद्या उचलायला कुणी हात लावला नाही. मॅनेजरनी मुकाट्यानं दोन दिवस दिले. कंडेन्सरची झाकणं उघडली तेव्हा नळ्यांत करंगळीही जाईना. आत्या एकेक नळी घासत होती आणि शिव्या देत होती: क्षाराला, मॅनेजरला, भावाला, आणि त्याला शिकवणाऱ्या स्वतःला.

बाबांची नोकरी गेली. अर्ज दाबून ठेवणाऱ्याची राहिली. बाबा तिच्याशी बोलायचे बंद झाले. “सख्ख्या बहिणीनं लिहिलं,” एवढंच आईला सांगायचे, भिंतीकडे बघत.

आत्या मात्र दर रविवारी यायची. खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसायची.

“बोलत नाहीस ना? नको बोलूस. ऐक. काल दाब तेरा होता. सगळ्या नळ्या वाहतायत. ते अकराही जण कामावर होते. अकरा, मोजलेत मी. आता तोंड फिरवून बस.”

बाबा तोंड फिरवून बसायचे. पण उठून जायचे नाहीत.