चालून राहिलं ना!
सोल्डरच्या धुराचा वास आला की मला धरमपेठेतलं ते ऑफिस आठवतं, जिथे आम्ही दवाखान्यांसाठी नाडी दाखवणारं यंत्र बनवायचो. ते चालवणारी लिनक्स ही मूळ प्रणाली आमच्याच हातची होती, आणि वीज जाऊन आली की यंत्र सुरू व्हायला दीड मिनिट घ्यायचं, कारण काही अडलं की यंत्र सुरू करणाऱ्या स्टार्टअपच्या स्क्रिप्टमध्ये आणखी दहा सेकंद थांबायची ओळ घालायची, हीच आमची रीत. धंतोलीतल्या एका दवाखान्यात एक नर्स तेवढा वेळ पेशंटचं मनगट धरून काळ्या स्क्रीनकडे बघत उभी राहिलेली मी पाहिली, आणि परत येऊन ती अख्खी स्टार्टअप सिस्टीमच बदलायला घेतली. "काहून हात लावून राहिली वं? चालून राहिलं ना!" आमचे साहेब ओरडले. पहिल्या खेपेला स्क्रीन उजळलीच नाही. ती सुरू करणारी जुनी स्क्रिप्ट नव्या सिस्टीमला जोडायचीच मी विसरले होते. "सांगतलं होतं तुले. जुनं परत टाक." "नाही टाकत, सर," मी म्हटलं. जेवणाचा डबा न उघडता चूक दुरुस्त केली आणि सगळ्यांसमोर यंत्राचा प्लग उपटून पुन्हा लावला. साहेब बोटांवर सेकंद मोजू लागले. दोन्ही हातांची बोटं संपायच्या आत नाडीची रेघ धावू लागली. आजही कुणी "चालून राहिलं ना" म्हटलं, की माझा हात आधी प्लगकडे जातो.