इबूच्या दारातला गुरुवार

खोटं कशाला बोलू, तो उपास देवासाठी नव्हताच. मुलगी तीन महिन्यांची झाली होती, आणि व्हिडिओ कॉलवर सासरचं-माहेरचं कुणीही आधी बाळाला बघायचं आणि मग मला म्हणायचं, "सुटलीस गं!" जुनी एकही जीन्स मांडीच्या वर चढत नव्हती. डाएट करते म्हटलं असतं तर नवऱ्याने ऐकून घेतलं नसतं, बाळ अंगावर पीत होतं. म्हणून मी सोमवार-गुरुवार निरंकार उपास धरले. देवाचं नाव पुढे केल्यावर घरात कोण बोलणार? आरशात बघायचं मात्र मी टाळायचे, आणि दत्ताच्या फोटोकडेसुद्धा.

मग डॉक्टर म्हणाल्या, बाळाचं वजन वाढत नाहीये. तरी पुढच्या गुरुवारी मी चहाही घेतला नाही, इतकी अक्कल गहाण पडली होती. दुपारी इथे अमेरिकेत, फ्रीमाँटमधल्या आमच्या कॉम्प्लेक्सच्या लाँड्री रूममध्ये, बाळाला छातीशी बांधून मशीनमधून कपडे काढत होते. ड्रायरची घरघर लांब लांब जायला लागली. खिडकीतलं ऊन पसरत पसरत सगळं पांढरं झालं. मी मनात म्हटलं, दत्ता, मी पडले तर पडले, हिला सांभाळ.

तेवढ्यात बाळाखाली दोन हात आले. खालच्या मजल्यावरची इंडोनेशियन बाई होती ती. सगळे तिला इबू म्हणतात, त्यांच्याकडे इबू म्हणजे आई. ती एका म्हाताऱ्या जोडप्याची देखभाल करते, एरवी त्या वेळी कधीच घरी नसते. त्या दिवशी नेमकी लवकर सुटली होती.

तिने मला आपल्या घरी नेलं. भात आणि हिरव्या पाल्याची पातळ भाजी पुढे ठेवली. मी म्हटलं, "आज माझा उपास आहे."

"माझाही," ती हसली. "सोमवार-गुरुवार, कितीतरी वर्षं. पण बाळ अंगावर पीत असेल तर आम्हा मुसलमानांत आईला सूट असते. तुझा देव एवढा कडक आहे का?"

मला रडूच फुटलं. खरं काय ते पहिल्यांदा तिला सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "इकडे नवीन आले तेव्हा मीही बारीक व्हायचा चहा प्यायचे. गावाकडचे फोनवर आधी तेच बोलायचे, जाड झालीस. एकदा कामावर चक्कर येऊन पडले. उचलायला कुणी नव्हतं."

स्वतः उपाशी असून तिने मला घास घास भरवलं. मग लांब सुती कापड काढून माझं पोट बांधलं, पाठीला आधार म्हणून. व्हिसा मिळाला असता तर माझ्या आईने असंच बांधलं असतं. बाळ प्यायला लागलं आणि मी गुंगीत गेले. आल्याचा वास येत होता. आईच्या बांगड्या वाजल्यासारख्या वाटल्या, पण इबूच्या हातात बांगड्या नव्हत्या.

डॉक्टरांनाही मी सगळं सांगितलं, नीट जेवायला लागले. हळूहळू बाळाचं वजन वाढलं. याला चमत्कार म्हणायचं का, मला ठाऊक नाही. मी देवाला उपाशी पोट दाखवत होते आणि त्याने ताट पुढे सरकवलं, एवढंच कळलं. आता तो वाढेल ते मुकाट्याने घ्यायचं. जीन्स म्हणाल तर अजून चढत नाही.

गुरुवारी मी पोटभर जेवून दत्तापुढे दिवा लावते. सूर्य मावळून इबूचा उपास सुटायची वेळ झाली की मुलीला कडेवर घेऊन, खजूर आणि गरम शिरा घेऊन खाली जाते. इबू पहिला घास घेते, तेव्हा कुठे माझा गुरुवार पुरा होतो.