कापगते बाईंची बाजू

कापगते बाई माणसाला नाव विचारायच्या आधी तोंड कोणीकडं आहे ते विचारायच्या. अकरावीच्या पहिल्याच तासाला त्यांनी मला उभं केलं. तुझं गाव डाव्या कालव्यावर की उजव्या? मी खिडकीतून धरणाकडे बघत ऐटीत म्हणालो, "उजव्या." अर्धा वर्ग हसला, कारण अर्धा वर्ग माझ्याच गावचा होता आणि आमचं गाव डाव्या कालव्यावर आहे. बाई हसल्या नाहीत. "तोंड कोणीकडं आहे तुझं?" मी म्हणालो, धरणाकडे. "मग फीर. धरणाकडं पाठ कर, पाणी जिकडं जातं तिकडं बघ. आता सांग." मी फिरलो आणि कालवा निमूटपणे माझ्या डाव्या हाताला आला.

त्या दिवशीचा धडा होता राजकारणातले डावे आणि उजवे. बाईंनी पुस्तक उघडलंच नाही. कालव्याच्या शेवटी ज्यांची शेती, त्यांना आमच्याकडे टेलवाले म्हणतात. त्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी पोचेपर्यंत धानाने मान टाकलेली असते. बाई म्हणाल्या, "आधी टेलला पाणी द्या म्हणणारा डावा. वरच्यांचा हक्क जुना आहे, घडी मोडू नका, त्यांचं भरलं की खाली जाईलच म्हणणारा उजवा. दोघांनी सभेत भांडावं, हात वर करून ठरवावं आणि घरी जाऊन जेवावं." एवढं सांगून त्यांनी हातावरचा खडू झटकला. पुढे मी राज्यशास्त्रात एम. ए. केलं, जाड पुस्तकं वाचली, आणि आता त्याच कॉलेजात तोच विषय शिकवतो. मुलांना डावं-उजवं समजावताना अजूनही कालवाच काढतो.

बाई उंच, सावळ्या, आवाजाने खणखणीत. सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालायच्या आणि त्यावरून कोणी हसलं तर साडी चार बोटं वर उचलून बूट नीट दाखवायच्या. वर्गात त्यांची भाषा पुस्तकी, पण राग आला किंवा लोभ दाटला की आमच्याकडची झाडीबोली सुटायची. घराणं कोहळ्यांचं, पिढ्यानपिढ्या तलाव बांधणाऱ्यांचं. त्याचा अभिमान कोणी मिरवू लागलं की त्या म्हणायच्या, "आमच्या आज्यानं तलाव खोदला म्हंतेत. आजा बांधाच्या पारीवर छत्री घेऊन उभा होता. खोदनारे दुसरेच होते." त्यांच्या सख्ख्या भावाने या वाक्यापायी एक दिवाळी त्यांच्याशी अबोला धरला होता.

पण बाई म्हणजे कोणा डाव्यांच्या हक्काच्या होत्या असं समजू नका. तेंदूपत्ता मजुरांची युनियन चालवणारे बाबूराव त्यांचे बालमित्र. बाबूरावांना जो आडवा जाईल तो फॅसिस्ट. मुख्याध्यापक फॅसिस्ट, तलाठी फॅसिस्ट, केशोरीच्या बसचा कंडक्टरसुद्धा. एकदा बाईंच्या ओट्यावर चहा पिता पिता ते कंडक्टरवर घसरले, तेव्हा बाईंनी त्यांच्या हातची बशी काढून घेतली. "बाबूराव, त्यानं सुट्टे मांगतले तं थो फॅसिस्ट? मंग खराखुरा येईन तवा त्याले काय म्हनसीन? शब्द उरू दे जरासा." बाबूराव बशीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चहा तं दे."

निवृत्तीनंतर बाईंनी कॉलेजातली एक रिकामी खोली मागून घेतली आणि तिथे पोलीस भरती, वनरक्षक असल्या परीक्षांसाठी मुलींचा वर्ग सुरू केला. टोल्याटोल्यांवरून, म्हणजे आसपासच्या वाड्यांवरून, वीसेक मुली सायकलीने यायच्या. घरी त्यांना बसायला कोपरा नव्हता; इथे पंखा होता, फळा होता आणि दारात बाई होत्या. त्या खोलीत शिकलेल्या मुली नोकरीला लागू लागल्या. बाई त्या खोलीला जीव की प्राण जपायच्या, सकाळी स्वतः झाडू मारायच्या.

आणि ती खोलीच पणाला लागली. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात संस्थेच्या सचिवांचा पुतण्या प्रशांत बोलायला उभा राहिला. तोही बाईंचाच विद्यार्थी. आता एका पक्षाचं काम करायचा आणि बोलायचा झकास. त्याचा मुद्दा असा, की फॅसिझम हे डाव्यांचंच पोर. जर्मनीतल्या त्या पक्षाच्या नावातच समाजवाद होता, इटलीतला तो पुढारी आधी समाजवादीच होता, मग उजव्यांना कशाला बदनाम करता? टाळ्या पडल्या. नंतर बाईंना आशीर्वादाचे दोन शब्द बोलायला बोलावलं. सचिव त्यांच्या कानाशी म्हणाले, "बाई, जरा सांभाळून हं."

बाईंनी माईक हातात घेतला. सुरुवात पुस्तकी भाषेत झाली, पण चौथ्या वाक्याला झाडीबोली आलीच.

"प्रशांत, गोड बोलतोस रे. पन नावावर नोको जाऊ. आपल्या गावात दयाराम पाटील होते. नाव दयाराम, अन् जलमभर आपल्या विहिरीवर कोनाले चढू देल्लं नाई. नाव नोको पाहू, बांधी पाह्य. थे लोक सत्तेवर आले तवा पयले जेलात कोनाले टाकलं? युनियनवाल्याइले, कम्युनिस्टाइले, समाजवाद्याइले. संप बंद. कारखाने ज्याइच्या हाती होते, बहुतेक त्याइच्याच हाती रायले. टेलवाल्याले काय भेटलं? गणवेश, झेंडा, अन् दात खायले शेजारच्या टोलीतला एक दुश्मन. डाव्याइपासून फॅसिस्टानं मिरवनूक उचलली, गरिबाचं नाव उचललं, हे खरं हाय. पन पानी वरच ठेवलं. म्हनून त्याची जागा उजवीकडं. पार टोकाले."

बाबूरावांनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. बाई गर्रकन त्यांच्याकडे वळल्या. "तू कायले टाळ्या वाजवून रायला? तुह्या बाजूच्याइनंबी लोक जेलात कोंबले, उपाशी मारले. थे पाप लहान नाई. पन थे वेगळं पाप हाय, त्याचं नाव वेगळं." मग समोर बसलेल्या आपल्या भावाकडे बोट केलं. "अन् उजवा म्हंजे फॅसिस्ट नसते. हा माहा भाऊ उजवा हाय. जुन्या वळनाचा, देवभोळा. पन निवडनुकीत हारला का दुसऱ्या दिवशी जिंकलेल्याच्या घरी चहा प्याले जाते. फॅसिस्ट हारत नाई. थो हारला तं मोजनाऱ्यालेच झोडपते."

मंडपात कोणी टाळी वाजवली नाही. कोणाच्या बाजूने वाजवावी हेच लोकांना कळेना.

दोन दिवसांनी सचिवांनी बाईंना बोलावलं. मी तोवर तिथे शिकवू लागलो होतो आणि त्या वेळी ऑफिसातच होतो. सचिव वाईट माणूस नव्हते. त्यांना वर सांभाळायचं होतं, खालीही. ते म्हणाले, "बाई, फार काही नको. सोमवारी प्रार्थनेनंतर मुलांसमोर एवढंच बोला, की फॅसिझम डावीकडचाही असतो, उजवीकडचाही. आपण काही ठरवू शकत नाही. विषय संपला. नाहीतर मला खोली परत घ्यावी लागेल."

"ठरवता येत नसतं तर तसंच बोलले असते," बाई म्हणाल्या. "मला ठरवता येतं. चाळीस मिनिटांच्या तासात मुलांनाही ठरवता येतं." आणि त्यांनी खोलीची किल्ली टेबलावर ठेवली.

वर्ग बाईंच्या घरी आला. घर दोन खोल्यांचं. बाईंनी खाट स्वयंपाकघरात नेली, पुढची खोली आणि ओटा मुलींना दिला. पण काही मुली आल्याच नाहीत. वादात कायले पडता, म्हणून बापांनी त्यांच्या सायकली अडवल्या. बाई सकाळी दारात उभ्या राहून रस्त्याकडे बघायच्या. मला संस्थेचा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर थोडा बाईंचाही.

माझा राग बोलून दाखवला ममताने. सालेकशाकडच्या गोंड घरातली मुलगी, मावशीकडे राहून शिकायची, तोंडाची फटकळ. एका सकाळी मी ओट्यावर बसलेलो असताना तिने वही मिटली आणि विचारलं, "बाई, एक वाक्य बोलून देल्लं असतं तं तुमचं काय गेलं असतं? खोली तं रायली असती. सुनीता रायली असती, गीता रायली असती."

बाईंनी खडू खाली ठेवला. डोळे भरून आले होते. त्यांचे डोळे मी पहिल्यांदाच तसे पाहिले. "रायली असती, पोरी. त्याइच्यासाठी मले रोज वाईट वाटते. पन त्या खोलीत उभी राहून मंग तुमाले म्या काय शिकवलं असतं? तुमी उद्या वर्दी घालान. कोनी सायेब म्हनन, पाह्यलं थे नाई पाह्यलं म्हनून सांग. तवा कोनाची आठवन केली असती?" ममताने वही उघडली. त्या दिवशी बाई गणितं घेत होत्या, ती तशीच पुढे चालू झाली.

दोन वर्षांनी उन्हाळ्यात बाई गेल्या. आठवडाभर गोंदियाच्या दवाखान्यात होत्या. तिथेही नर्सला तिची ड्यूटी किती तासांची, जास्तीचे पैसे मिळतात का, असं विचारत होत्या.

संस्थेने शोकसभा घेतली. हॉल भरला होता. सचिवांनी स्वतः बाईंच्या फोटोला हार घातला आणि ते नाटक नव्हतं. त्यांनी जाहीर केलं, की बाईंच्या जुन्या खोलीला बाईंचं नाव देणार. मग म्हणाले, "बाई सगळ्यांच्या होत्या. ना डाव्या, ना उजव्या. त्यांनी आयुष्यात कधीच कोणाची बाजू घेतली नाही." लोकांनी माना डोलावल्या. बाबूरावांनीसुद्धा रुमाल डोळ्यांना लावला.

मागच्या रांगेतून खाकी कपड्यातली एक मुलगी उठली. ममता वनरक्षक होऊन वर्ष झालं होतं, जंगलातून ड्यूटीवरून तशीच आली होती.

"सायेब, बाईनं बाजू घेतली होती. घेतली म्हनून तं तुमी खोली काढून घेतली. आता नाव द्याचं असन तं द्या. पन तिले बिनबाजूची करून नोका देऊ."

कोणीतरी तिला खाली बस म्हणून खुणावलं. ती बसली नाही. सचिवांनी माईक खाली केला. माझी नोकरी त्यांच्या हातात होती, घरचे हप्ते चालू होते, आणि तरी त्या दिवशी मला खुर्चीवर बसवेना. मी उठून ममताच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.