शेठजींचे जावई आणि आमचा पॉवर सप्लाय

लग्नाचं शूटिंग करणाऱ्याच्या घरात किस्से जमवावे लागत नाहीत. मेमरी कार्डात फोटो साठतात तसे ते आपोआप साठतात, आणि डिलीट म्हणावं तर होतही नाहीत! आमच्याकडचे यंदाचे बहुतेक किस्से कॉम्प्युटरच्या पोटातल्या एका पत्र्याच्या डब्याने घडवले. त्याला पॉवर सप्लाय म्हणतात. भिंतीतली वीज घ्यायची आणि आतल्या सगळ्यांना वाढायची, एवढंच त्याचं काम. मी त्याला काय म्हणते, ते इथे लिहीत नाही.

कारंज्यात आमचं शूटिंगचं आणि मिक्सिंगचं, म्हणजे कापून-जोडून फिल्म करायचं, दुकान आहे. कॅमेरा आणि कॉम्प्युटर आमचे हे सांभाळतात. गिऱ्हाइकं आणि फोन मी.

*

सीझनच्या आधी ह्यांनी सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड आणलं. चांगलं मोठं, दोन पंख्यांचं. व्हिडिओ लवकर तयार व्हावा म्हणून. तेवढ्यावर भागलं नाही. मोबाईलवर कोणाचं तरी पाहून ह्यांनी ते ओव्हरक्लॉक करायचं ठरवलं. म्हणजे कंपनीने दिलेल्या वेगापेक्षा त्याला जास्त पळवायचं!

मी विचारलं, "अहो, जास्त पळन त जास्त खाईन बी. सप्लायले झेपन का?"

"झेपते अवं! तू चहा ठेव."

मी चहा ठेवला. उकळी यायच्या आत आतून आवाज आला, "टिक!" आणि कॉम्प्युटर गप्प.

"लाइन गेली वाटते," हे म्हणाले.

ह्यांच्या डोक्यावर पंखा गरगर फिरत होता!

*

हातात काम होतं गावातल्या एका कापडवाल्या शेठजींचं. थोरल्या मुलीचं लग्न उन्हाळ्यात झालेलं. दिवाळसणाला जावई आणि व्याही येतील, तेव्हा मोठ्या टीव्हीवर सगळ्यांना अख्खं लग्न दाखवायचं, ही शेठजींची हौस. त्यांनी सरळच सांगितलं होतं, "फिल्म दिवाळसणाले भेटली त धाकटीचं लग्न बी तुमच्याकडंच. नाही भेटली त अकोल्याचा फोटोग्राफर तयार हाय."

जावयांची एंट्री दणक्यात पाहिजे होती. कार्यालयाच्या दारातून स्लो मोशनमध्ये येणार, वरून गुलाबाच्या पाकळ्या, मागून धूर. पाकळ्या सुरू झाल्या की कार्ड जोर करायचं. कार्डाने जोर केला की डबा मान टाकायचा. जावयांचा पाय दारात पडला की, "टिक!"

शेठजींचा रोज सकाळी फोन.

"ताई, जावई आले का आत?"

"नाही शेठजी, अजून दारातच हायेत."

"काल बी दारातच होते!"

"पाकळ्या थोड्या कमी करू का?"

"पाकळ्या नका कमी करू बाप्पा! व्याही काय म्हणतीन?"

*

मग ह्यांचा संशय शेजारच्या चक्कीवर गेला. "चक्की चालू झाली का व्होल्टेज पडते," म्हणाले आणि जाऊन, हात जोडून, दळणच थांबवून आले. बाहेर डबे घेऊन बाया उभ्या. त्यातल्या एक आजी तडक आमच्या काउंटरवर.

"काहून वं, चक्की कायले बंद केली?"

"आजी, लग्नाचं काम चालू हाय."

"कोणाच्या?"

"शेठजींच्या पोरीच्या."

"थे त उन्हाळ्यात झालं! मी जेवून आली ना!"

तेवढ्यात आतून "टिक!" चक्की बंद असताना!

आजींनी आत डोकावून पाहिलं. म्हणाल्या, "झालं का तुमचं लगन? मंग आता माह्ये गहू दळू द्या."

*

दुसऱ्या दिवशी ह्यांनी घरातला फ्रिज बंद केला. "त्याचा करंट कॉम्प्युटरले भेटन!"

दूध नासलं. जावई दारातच.

*

शेवटी मी ह्यांना घेऊन वाशीमला गेले. तिथल्या कॉम्प्युटरवाल्याने डबा हातात घेऊन वरखाली केला. "हा कॅबिनेटसोबत फुकट आलेला दिसते."

"पाचशे वॅटचा हाय," हे म्हणाले. "स्टिकर पाहा ना!"

"दादा, थे स्टिकर माह्या शर्टाले लावलं त मी बी पाचशे वॅटचा!"

मग त्याने नीट समजावून सांगितलं. हा डबा लिहिलंय तेवढा देत नाही. कार्ड साध्या वेगातच त्याला जड जातं, आणि वेग वाढवला की ते मध्येच एकदम जास्त ओढतं. डबा स्वतःला वाचवायला बंद पडतो. "चांगला सप्लाय घ्या आणि कार्ड जसं आलं तसं चालवा." हे इतक्या गंभीरपणे मान हलवत होते की मी निर्धास्त होऊन केळी घ्यायला गेले. परत आले तर ह्यांच्या हातात पिशवी.

घरी येऊन उघडली. आत लाल-निळे दिवे लागणारा पंखा!

"अवं, गरम होते म्हणून बंद पडते थे."

मी पंखा तिथेच ठेवला आणि स्वयंपाकाला लागले. रात्री भाजीत मीठ नव्हतं. ह्यांनी गुपचूप दोनदा वाढून घेतली.

*

दिवाळी अगदी तोंडावर आली तेव्हा मी एकटीच एसटीने वाशीमला गेले. चांगला, जड सप्लाय मांडीवर ठेवून आणला. बसवल्यावर अट घातली, कार्डाचा वेग होता तिथे आणायचा.

"थोडासा राहू दे ना."

"नाही!"

"अवं, पण आता त झेपते!"

"म्हणूनच नाही!"

दुपारी लावलेली फिल्म संध्याकाळी पूर्ण झाली. मध्ये एकदाही टिक नाही. मी शेठजींना फोन केला, "शेठजी, जावई आले आत!"

आनंदाच्या भरात शेठजींनी तेच वाक्य घरात ओरडून सांगितलं. शेठाणीबाई ओवाळायचं ताट घेऊन फाटकापर्यंत धावल्या म्हणे!

*

दिवाळसणाला आम्हालाही बोलावणं होतं. जेवणं झाली. हॉलमधले दिवे मालवले, टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. सोफ्यावर मधोमध जावई, दोन्ही बाजूंना व्याही आणि विहीणबाई. शेठजी खुर्चीच्या टोकावर.

हळद झाली, वरात झाली. एंट्री आली. मागे धूर, वरून पाकळ्या. जावयांनी पाय उचलला. स्लो मोशन शेठजींनी मागितली होती तशीच, अगदी सावकाश. पाय हवेत. पाकळ्या हवेत. सगळे श्वास रोखून बघताहेत. पाय हवेतच.

"अडकलं!" शेठजी ओरडले. "पुन्हा दारातच अडकलं!"

हे ताडकन उठले, टीव्हीच्या मागे गेले आणि भिंतीवरचं बटण खटकन बंद केलं.

हॉलभर अंधार. मग सोफ्यावरून जावयांचा आवाज आला,

"काका, मी येऊन राह्यलो होतो ना!"