आकडा मोठा, पण जुना

आमच्या चिखलीच्या सोसायटीत समोर राहणारी ती लातूरकडची पोरगी चाकणच्या एका कंपनीचं नेटवर्क सांभाळते. कंपनी गाड्यांचे दरवाजे बनवते. घरून काम असलं की ती दार उघडंच ठेवते, मग मी आपली जाऊन बसते. केसांची क्लिप दातात धरून ती टाइप करते आणि कॉम्प्युटरशी अहो-जाहो बोलते, "सांगा की हो खरं!" नवऱ्याला मात्र अरे-तुरे.

परवा तिचे साहेब स्पीकरवर टाकलेल्या फोनवर तापले होते. त्यांनी नेटवर्कच्या एकाच केबलची तपासणी करायला कॉम्प्युटरला दोन कमांड, म्हणजे हुकूम, दिले, तर एक म्हणे माहिती पोचवताना हजारो चुका, दुसरी म्हणे एकही नाही. "मॅडम, दरवाजांची लाइन बंद करून मशीनचं नेटवर्क कार्ड बदला. नुकसान तुमच्या नावावर."

तिच्या वयात मी असते तर एकीला खोटारडी ठरवून मोकळी झाले असते. सासू आणि नवरा वेगवेगळं बोलले की मी न ऐकताच नवऱ्याला खोटं ठरवायची. तेवढीच हौस!

हिनं शांतपणे क्लिप काढली. "सर, दोघी खरंच बोलायल्यात. पहिली कमांड मशीन चालू झाल्यापासूनच्या सगळ्या चुका मोजते, दुसरी फक्त मागच्या वेळी विचारल्यानंतरच्या. चुका त्या ढिल्या केबलच्या, ती आपण सोमवारीच बदलली. पहिली परत चालवा. आकडा मोठा हाय, पण वाढतोय का बघा."

पलीकडे कीबोर्ड खडखडला. मग साहेब पुटपुटले, "तेवढाच आहे. राहू द्या लाइन चालू."

फोन ठेवून तिनं माझ्या हातावर अशी टाळी दिली की बांगड्या खणखणल्या. "आज्जी, एक बी दरवाजा थांबला न्हाई आपला!"