टिपाडभर पाणी आणि टीव्हीतली बाई

टीव्हीवर मी आयुष्यात एकदाच दिसले. दुष्काळात पाणी कसं वाचवावं हे लोकांना शिकवायला मला उभं केलं होतं, आणि ते शिकवताना मी अख्खं टिपाडभर, म्हणजे मोठा लोखंडी पिंपभर, पाणी सांडलं. तेही माझं नव्हे, मैत्रिणीच्या लेकीच्या लग्नाचं!

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. कचेऱ्या आल्या, साहेब आले, साहेबांच्या जीपा आल्या. पाणी तेवढं यायचं राहिलं होतं. पावसानं दगा दिलेला, विहिरींत खडखडाट. आमच्या गल्लीत टँकर यायचा तो स्वतःच्या मर्जीनं. त्याचा भोंगा ऐकला की बाया तव्यावरची भाकरी तशीच सोडून घागरी घेऊन पळायच्या. (त्या वर्षी गल्लीतल्या यच्चयावत पुरुषांनी करपलेल्या भाकरी खाल्ल्या आणि एकानंही तक्रार केली नाही. दुष्काळाचा तेवढाच काय तो फायदा.)

माझ्या दोन जिवाभावाच्या मैत्रिणी. शेजारची सुनंदा, जिचा आवाज रागातही चढायचा नाही. आणि समोरची शकुंतला, दवाखान्यात नर्स, म्हणून सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची. तिचा आवाज चढायचा प्रश्नच नव्हता, तो कायम चढलेलाच असायचा.

तर सुनंदाच्या शैलाचं लग्न अहमदपूरच्या मुलाशी ठरलं. बैठकीत सगळं गोडीत चाललं होतं, तेवढ्यात नवरदेवाची आत्या म्हणाली, "लातुरात लगीन करून राहिलात, पण वऱ्हाडाला पाणी तरी पाजाल का न्हाई?"

आणि आमची सुनंदा, जिनं कधी कोणाला उलटून उत्तर दिलं नव्हतं, ती ताठ मानेनं म्हणाली, "आमच्या मांडवातून कोणी तहानलेलं जाणार न्हाई."

बोलून बसली! मग घरी येऊन रडत बसली. "सिस्टर, आता कसं करू गं माय? तोंडातून गेलं ना!"

"रडू नको, डोळ्यातलं पाणी वाया चाललं," सिस्टर म्हणाली. "यंदा भांड्याकुंड्याचा आहेर बंद. पाण्याचा आहेर करायचा. टँकर आला की घरटी एक घागर शैलाच्या नावानं."

आणि खरंच, काय सांगू, ज्यांच्या घरी प्यायला तांब्याभर उरत नव्हतं त्यांनीही घागर आणून ओतली. सिस्टरनं बुद्धविहाराकडच्या तिच्या नात्यातल्या घरांतूनही घागरी आणवल्या. टिपाड गळ्यापर्यंत भरलं. ठेवायचं कुठं? आमच्या अंगणात. आमच्याकडं भिंत होती, फाटक होतं, कडुलिंबाची सावली होती. सुनंदानं टिपाडावर हळदीनं माखलेला पंजा उमटवला, आंब्याचे डहाळे बांधले आणि मला म्हणाली, "मंदा, आता हे तुझ्या हवाली."

"अगं, जीव गेला तरी यातला थेंब जाऊ देणार न्हाई!" मी म्हणाले. (जीव अजून शाबूत आहे.)

आमचे हे नव्या जिल्ह्याच्या एका कचेरीत कारकून. एका संध्याकाळी घरी आले ते चप्पल न काढताच म्हणाले, "मुंबईहून टीव्हीवाले येणार हायेत. त्यांना दुष्काळातली आदर्श गृहिणी पाहिजे. मी तुझं नाव देऊन आलो."

मी लाजले. "इतक्या बायांतून माझंच का हो?"

"दुसऱ्याच्या बायकोचं नाव मी कसं देऊ?"

टीव्हीवाले आले. चष्मेवाला एक डायरेक्टर, एक कॅमेरावाला आणि वायरी गुंडाळणारे दोघं. आमच्या घरी मी एकच पाणी तीनदा वापरायची: आधी भाजी धुवायची, त्याच पाण्यात भांडी विसळायची, मग तेच तुळशीला. खरंच करायची हो! पण डायरेक्टर म्हणाला, "हेच दाखवू या." आणि तिथून माझा घात सुरू झाला.

मी परातीत भाजी धुतली. "छान! पण वहिनी, हसू नका, दुष्काळ आहे." पाणी बदला. पुन्हा धुतली. "कॅमेऱ्याकडं बघू नका." पाणी बदला. पुन्हा. मधेच कावळा ओरडला. पाणी बदला!

"अहो, हेच पाणी चालंल की," मी म्हणाले.

"गढूळ दिसतंय वहिनी. पडद्यावर पाणी कसं चमकलं पाहिजे."

भांडी विसळायची पाळी येईपर्यंत आमचा रांजण, हंडा, कळशी, झाडून सगळं रिकामं. डायरेक्टरनं विचारलं, "पाणी संपलं का? मग राहू द्या, दुसऱ्या कोणाकडं जाऊ."

दुसऱ्या कोणाकडं! म्हणजे टीव्हीवर दुसरी कोणी! माझी नजर हळूच टिपाडाकडं गेली. आता खोटं कशाला बोलू, मला तेव्हा ना सुनंदा आठवली, ना शैला, ना ती अहमदपूरची आत्या. मी एवढाच विचार केला, की एक तांब्या घेतला तर काय टिपाड रिकामं होणार आहे? उद्या टँकर येईल, टाकू भरून.

एक तांब्या घेतला. मग कावळा पुन्हा ओरडला. (तो कावळा मला अजून सापडायचा आहे.) तांब्याची कळशी झाली, कळशीची घागर झाली. शेवटी डायरेक्टरलाच ते टिपाड आवडलं. "वा, किती सुंदर सजवलंय! शेवटचं दृश्य इथंच घेऊ. यातूनच पाणी काढा, लिंबाला घाला, धार मोठी सोडा, आणि काहीतरी मनातलं बोला."

मी टिपाडाच्या तळातलं पाणी खरवडून काढलं, मोठी धार सोडली, पदर डोक्यावर सारखा केला आणि मनातलं बोलले, "बायांनो, दुसऱ्याच्या वाट्याच्या थेंबालाही हात लावू नये."

इतकं सुंदर बोलले, की वायरी गुंडाळणाऱ्यानं टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी परातीत उरलेल्या घोटभर पाण्यात हात धुतले आणि गेले.

मी टिपाडावर झाकण ठेवलं. दुसऱ्या दिवशी टँकर आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सुनंदा रोज भिंतीवरून विचारायची, "टिपाड बरं हाय ना गं?" मी म्हणायची, "तुडुंब!"

आणि एवढं करून मी गप्प बसावं की नाही? छे! मी टीव्हीची नटी झाले होते ना! रिकाम्या घागरींच्या रांगेत बसायचं तर मी इस्त्रीची साडी नेसून बसायला लागले. सिस्टर म्हणाली, "काय गं, टँकरवाल्याशी लगीन लावून राहिलीस का?" तर मी हळू आवाजात म्हणाले, "आता लोक बघतात गं मला." गल्लीत टीव्ही एकट्या आमच्याकडं. कार्यक्रम कधी लागणार ते कळल्यावर मी घरोघर जाऊन सगळ्यांना आवतण दिलं. तो दिवस नेमका शैलाच्या हळदीच्या आदल्या दिवशीचा. टँकर अजून आला नव्हता. तरी मी आवतण दिलं! माझ्यासारखी शहाणी लातूर जिल्ह्यात दुसरी नसेल.

संध्याकाळी आमची बैठकीची खोली बायांनी गच्च भरली. पुढं सुनंदा, तिच्या शेजारी सिस्टर. आमचे हे गच्चीवर अँटेना धरून उभे. पडद्यावर मुंग्या आल्या, मुंग्या गेल्या, आणि मी आले!

"अगं बया, मंदा किती गोरी दिसून राहिली!" सगळ्या कौतुकानं ओरडल्या. मी भाजी धुतली, वाहवा. मी भांडी विसळली, वाहवा. मग लिंब दिसला, आणि लिंबाच्या खाली टिपाड. टिपाडावर डहाळे. डहाळ्यांच्या खाली स्वच्छ, पाची बोटांसकट, सुनंदाच्या हाताचा पंजा.

पडद्यावर मी टिपाड वाकडं केलं, तळाचं पाणी काढलं, लिंबाच्या बुडाशी ओतलं आणि म्हणाले, "बायांनो, दुसऱ्याच्या वाट्याच्या थेंबालाही हात लावू नये."

सिस्टर उठली. अंगणात गेली. झाकण उचलल्याचा आवाज आला. मग टिपाडावर थाप मारल्याचा आवाज आला. ठण्ण्!

ती परत आली. मला वाटलं आता माझी गचांडी धरणार. पण माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. ती थेट टीव्हीसमोर जाऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवले आणि पडद्यावरच्या बाईला म्हणाली, "काय गं ए भवाने! लोकाच्या लेकीच्या लग्नाचं पाणी झाडाला घालताना लाज न्हाई वाटली?"

मग सगळ्याच सुरू झाल्या. टीव्हीशी!

"वरून आम्हालाच शिकवून राहिली!"

"पोटाला चिमटा घेऊन घागर दिली होती आम्ही!"

"आन् थोबाड तर बघा, जशी काय गंगा हिच्याच घरून निघाली!"

मी दाराच्या कोपऱ्यात उभी. सगळ्या जणी तिलाच बोलत होत्या, मला कोणीच काही म्हणत नव्हतं. मग मीही पुढं झाले आणि म्हणाले, "हाव ना! लई आपमतलबी बाई हाय ती! मला तर आधीपास्नंच..."

"तू गप!" सगळ्या एकदम माझ्याकडं वळल्या.

एकटी सुनंदा बोलली नाही. कार्यक्रम संपेपर्यंत ती पडद्याकडं बघत राहिली. मग उठली, पडद्यावरच्या बातम्या सांगणाऱ्यालाच हळू आवाजात म्हणाली, "परवा वऱ्हाड येणार हाय. त्या आत्याला मी काय तोंड दाखवू?" आणि घरी निघून गेली. तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला हुंदकाच फुटला. गच्चीवरून ह्यांचा आवाज आला, "दिसलीस का गं नीट?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी ह्यांच्या कचेरीत. मी मनाशी पक्कं केलं होतं, टँकर घेतल्याशिवाय परत यायचं नाही. सिस्टर म्हणाली, "तशी येऊच देणार न्हाई आम्ही तुला."

साहेबांनी मला बघितलं आणि खुर्चीतून उठलेच. "अहो, तुम्हीच ना त्या? एकाच पाण्यात तीन कामं! काय सुंदर काम करताय तुम्ही!"

क्षणभर माझा हात पदराकडं गेला. सिस्टरनं मागून चिमटा काढला.

"साहेब, आमच्या गल्लीला टँकर पाहिजे. आजच्या आज. लगीन हाय."

साहेब हसले. "तुम्हाला टँकर? आदर्श गल्ली तुमची! उलट मी म्हणत होतो, तुमचा टँकर दुसऱ्या गल्लीला द्यावा. तुम्ही तर थेंबात भागवता."

सिस्टरनं मला पुढं ढकललं. टीव्हीतल्या त्या बाईनं लग्नाचं पाणी तर घालवलंच होतं, आता गल्लीचा टँकरही घेऊन चालली होती!

"साहेब," मी घसा साफ केला, "टीव्हीतली ती बाई लबाड हाय."

"म्हणजे? तुम्हीच ना त्या?"

"मीच हाय. पण ती तसली न्हाई. म्हणजे मी तसली न्हाई." आवाज आपोआप वाढला. बाहेरच्या व्हरांड्यातले लोक आत डोकावायला लागले. "त्या एकाच पाण्यात तीन कामं करायला अख्खं टिपाड लागलं साहेब! आन् ते टिपाड हिच्या लेकीच्या लग्नाचं होतं. साऱ्या गल्लीनं घागर घागर करून आहेर केलेलं. मी ते टीव्हीवर दिसायच्या हौसेपायी लिंबाला घातलं. आम्ही कोणी आदर्श न्हाई. आम्हाला लई पाणी लागतं!"

शेजारच्या टेबलावर आमचे हे फायलीमागं तोंड लपवून बसले होते. फाईल उलटी धरली होती.

साहेबांचे खांदे हसण्यानं गदगदायला लागले. हसता हसता डोळे पुसत त्यांनी शिपायाला हाक मारली, "अरे, ह्यांच्या गल्लीत टँकर पाठवा. आणि टिपाड ह्या बाईंच्या अंगणात ठेवू नका म्हणावं."

टँकर त्याच दिवशी आला. टिपाड भरलं, सुनंदाच्या दारात. सिस्टर त्यावर पाट टाकून बसली आणि लग्न लागेपर्यंत उठली नाही.

मला शिक्षा ठरली होती: वऱ्हाडाला पाणी वाढायचं. जग आणि पेले घेऊन मी पंगतीतून फिरायला लागले, तशी अहमदपूरकरांत कुजबुज सुरू झाली. "अहो, ह्या त्या टीव्हीवाल्या! एकाच पाण्यात तीन कामं!" त्यांच्याकडंही कार्यक्रम बघितला होता की! आता माझ्यासमोर पाणी मागायची कोणाचीच हिंमत होईना. एकानं अर्धा पेला घेतला तर शेजाऱ्यानं पाव घेतला. ती आत्या तर मला बघून हात आखडून म्हणाली, "नको नको बाई, मला तहानच न्हाई." मी तिच्यापुढं बसले, पेला काठोकाठ भरला आणि म्हणाले, "प्या आत्याबाई. आमच्या मांडवातून कोणी तहानलेलं जात न्हाई." ती प्याली. वर आणखी एक मागितला. तिकडून सुनंदानं ते ऐकलं, आणि तिची मान पुन्हा तशीच ताठ झालेली मी बघितली.

शैलाची पाठवणी झाल्यावर सुनंदा माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले. "सुनंदा, अजून राग हाय का गं माझ्यावर?"

"तुझ्यावर न्हाई गं मंदा," ती डोळे पुसत म्हणाली. "टीव्हीतल्या त्या बाईवर हाय. तिला पुन्हा घरात घेऊ नको."

मी तिचा शब्द पाळला आहे. आता आमच्याकडं रंगीत टीव्ही आहे, नातवंडांच्या हातात मोबाईल आहेत, आणि लातुरात नळाला पाणी यायची वाट आजही बघावीच लागते. नात म्हणते, "आजी, इकडं बघ, व्हिडिओ काढते." मी पदर नंतर सावरते. आधी टिपाडावर झाकण ठेवते.